कुर्ल्याची प्रीमियर, कांदिवलीची जीप आणि डेट्रॉइटचा धडा

(पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर निवांत वाचा.)

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा फोटो टाकला. लगेच खाली हार्ट, रडके चेहरे, "गेले ते दिवस" वगैरे सुरू झालं. त्यातच एकाने लिहिलं, "युनियनबाजीने एवढी मोठी मराठी माणसाच्या मुलखातली कंपनी बुडवली." त्याला वीस-पंचवीस अंगठे. ग्रुपवर भांडायचं नाही असा घरातून आदेश आहे, म्हणून इथे लिहितोय. कारण हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय आणि ते अर्धवट आहे. अर्धवट म्हणजे सगळंच खोटं नाही, पण त्यात दोष देताना सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस निवडलाय.

आधी माझं सांगतो. मी असल्फ्यात वाढलो. बाबा साकीनाक्याला एका गाळ्यात टर्नर होते. लेथवर बुश, पिना, छोटे शाफ्ट असली कामं. गाळेवाला हे जॉबवर्क दुसऱ्या एका सप्लायरकडून आणायचा आणि तो सप्लायर माल पुढे गाड्यांच्या कंपन्यांना द्यायचा. म्हणजे आमच्या घरातला तांदूळ कुठून येतो ही साखळी पार वर गेली की तिथे गाडी होती. बाबा कधी कारमध्ये फारसे बसले नाहीत. पण रस्त्यात पद्मिनी दिसली की तिच्या पोटात काय काय आहे ते तोंडपाठ सांगायचे.

तर प्रीमियर.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन १९१९ ची, बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० ची, दोन्हींच्या मुळाशी ते होते. मोटारींच्या कारखान्यासाठी सर विश्वेश्वरय्याही तेव्हा धडपडत होते, डेट्रॉइट बघून आले होते. इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. शेवटी वालचंदांचं अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी जमलं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला आग्रा रोडलगत (आताचा एलबीएस) कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. नावं अमेरिकन, हात कुर्ल्याचे.

आपल्याला आज वाटतं की अमेरिकन गाडी म्हणजे दूरची गोष्ट. पण ही मुंबई त्या काळी अमेरिकन गाड्यांचंच गाव होतं. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्येच जोडणीचा कारखाना टाकला होता. पेट्यांमधून सुटे भाग यायचे, इथे जोडायचे आणि विकायचे. फोर्डचंही तसंच. आणि १९४७ मध्ये माझगावला महिंद्रा कंपनीने विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे याच महिंद्राचा मोठा कारखाना कांदिवलीला आला. आकुर्ली रोडवरून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

१९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा, नाहीतर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघाल्या. प्रीमियर राहिली. महिंद्रा राहिली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. तो झाला नसता तर साकीनाका, असल्फा, मरोळ, भांडुप इथले हजारो गाळे उभेच राहिले नसते आणि माझे बाबा गावाहून मुंबईला येऊन लेथ शिकले नसते.

दरम्यान प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला होता. मोठ्या अमेरिकन गाड्या पेट्रोल पिणाऱ्या, आपल्या खिशाला न परवडणाऱ्या. फियाट ११०० आटोपशीर होती. १९६४ मध्ये तिचं डिलाइट मॉडेल आलं, मग तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७३-७४ च्या सुमारास पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. हजार नव्वदच्या जवळपास सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, जाड पत्रा. कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडू शकेल अशी गाडी. म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. वर कॅरिअर, बाहेर लोखंडी मीटर. माझ्या वयाच्या प्रत्येकाची पहिली टॅक्सी तीच असणार.

इथपर्यंत सगळं छान. मग घसरण कुठे सुरू झाली?

माझं उत्तर असं: ज्या दिवशी गिऱ्हाईक रांगेत उभं राहिलं, त्या दिवशी.

साठ-सत्तरच्या दशकात देशात गाड्या तीनच, कलकत्त्याची अॅम्बेसेडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. वर्षाला किती गाड्या काढायच्या तेही परवान्यावर ठरलेलं. किमतीवर सरकारचं नियंत्रण. परदेशी चलन मिळेना, कार म्हणजे चैनीची वस्तू म्हणून सरकारचा डोळा वाकडा. परिणाम काय, तर पैसे भरून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. गाडीचा नंबर लागला की घरात पेढे. आणि हाती आलेली गाडी जास्त भावाने दुसऱ्याला विकून लोक पैसे कमवायचे. नवी गाडी जुनी झाली की महाग होते, असा हा जगावेगळा बाजार!

आता मला सांगा, ज्याच्या दारात अशी रांग आहे तो दार का रंगवेल? इटलीत फियाटने ही ११०० ची मालिका १९६९ मध्येच बंद केली. कुर्ल्यात ती थोड्याफार फरकाने २००० सालापर्यंत निघत होती. इंजिनिअरना अक्कल नव्हती म्हणून नाही. १९८५ मध्ये फियाटची बॉडी आणि निस्सानचं इंजिन घेऊन ११८ एनई काढलीच की! पण तोपर्यंत उशीर झाला होता. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून पहिली मारुती ८०० बाहेर आली होती. छोटी, हलकी, धक्का न मारता सुरू होणारी.

गंमत म्हणजे हीच गोष्ट नेमकी याच काळात सातासमुद्रापार, जिथून डॉज आणि प्लिमथ आल्या त्या डेट्रॉइटमध्ये घडत होती. तिथे परवाना राज नव्हतं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, जपान दोघांचे कारखाने मोडलेले. बाजार मोकळा. पन्नासच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांपैकी नव्वदहून जास्त जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांच्याच. स्टुडबेकर, पॅकार्ड, नॅश, हडसन असल्या छोट्या कंपन्या एकेक करून विलीन झाल्या नाहीतर संपल्या. तिघांना वाटलं, आपण कायमचे राजे. दरवर्षी मागचे पंख वाढवायचे, क्रोम लावायचं आणि नवं मॉडेल म्हणून विकायचं. आतलं यंत्र फारसं बदलायचं नाही.

१९७३ मध्ये तेल महागलं. छोट्या जपानी गाड्या तिथे पोचल्या होत्याच. लोकांनी त्या घेतल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या बिघडत नाहीत. १९७९ मध्ये क्रायस्लर बुडायच्या बेताला आली, सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी देऊन वाचवली. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. जनरल मोटर्स, जी १९३१ पासून सलग ७७ वर्षं जगात सगळ्यात जास्त गाड्या विकत होती, ती! १९५० मध्ये डेट्रॉइट शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सात लाखांच्या थोडी वर. २०१३ मध्ये महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली.

आणि तिथेही सोसायटीच्या ग्रुपवाले होतेच. ते म्हणाले, युनियनने बुडवलं.

त्याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट नावाच्या गावाने दिलं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना म्हणजे बदनाम. गैरहजेरी, संप, दारू, मुद्दाम केलेले बिघाड. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना परत उघडला. बहुतांश कामगार जुनेच. युनियनही तीच. बदलली ती काम करायची पद्धत. चूक दिसली तर साध्या कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची, आणि त्याबद्दल त्याला कुणी ओरडायचं नाही. थोड्याच काळात तिथून निघणाऱ्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीला आला. माणसं तीच, हात तेच!

म्हणजे कामगार बिघडलेला नव्हता, कारखाना बिघडलेला होता.

आता परत कुर्ल्याला येऊ. प्रीमियरमध्ये कामगार-मालक वाद होते का? होते. पार जुने होते. एका बोनस योजनेवरून झालेला प्रीमियरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ चा तो निकाल आजही कायद्याची पोरं अभ्यासतात. कामगारांचा कुठला वाद साध्या दिवाणी कोर्टात न्यायचा आणि कुठला कामगार न्यायालयात, हे त्यात ठरलं. डॉ. दत्ता सामंत तर आपल्या घाटकोपरचे. पंतनगरला दवाखाना, खाणकामगारांपासून सुरुवात केलेली. प्रीमियरच्या कामगारांतही त्यांची युनियन होती. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला तेव्हा घाटकोपर कसं चिडीचूप झालं होतं ते मला आठवतं. संपाने नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर डोंबिवलीच्या कारखान्यात ३०९ गाडी काढली, तेव्हा झालेल्या संपाने त्या भागीदारीचं कंबरडं मोडलं हे खरंच आहे. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली.

पण विचार करा, तो कामगार तेव्हा काय बघत होता? वीस-तीस वर्षं जुन्या यंत्रांवर जुनी गाडी. गिऱ्हाईक मारुतीकडे. एका बाजूला फ्रेंचांबरोबर नवी कंपनी, दुसऱ्या बाजूला फियाटबरोबर उनोसाठी वेगळी कंपनी. या सगळ्यात आपण कुठे हे त्याला माहीत नाही. ज्याला पुढचं काही दिसत नाही तो आज हातात आहे ते घट्ट धरतो. त्याला आपण आडमुठेपणा म्हणतो.

आणि युनियनच कारण असेल तर मग कांदिवलीचं काय? युनियन तिथेही होतीच. महिंद्रालाही परवाना राजचा आडोसा होता, तीच जीप वर्षानुवर्षं निघत होती. १९९१ नंतर त्यांच्यावरही तीच वेळ आली. त्यांनी फोर्डशी भागीदारी केली, नाशिकला एस्कॉर्ट गाडी काढली. ती काही फार चालली नाही. पण त्यातून गाडी कशी आखतात, सप्लायरला कसं बरोबर घेतात हे शिकून घेतलं आणि २००२ मध्ये स्वतःची स्कॉर्पिओ बाजारात आणली. प्रीमियरने परदेशी भागीदाराकडून गाडी घेतली. महिंद्राने भागीदाराकडून गाडी बनवायची विद्या घेतली. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

आता या कहाणीतला सगळ्यात कडू भाग. प्रीमियरचे मोटारीतले तीन मोठे परदेशी जोडीदार कोण? क्रायस्लर, फियाट, प्यूजो. फियाटने पुढे क्रायस्लर घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्यूजोवाले आणि ते एक झाले. स्टेलांटिस असं त्या कंपनीचं नाव. विलीजची जीपसुद्धा चार-पाच मालक बदलत शेवटी त्यांच्याकडेच पोचली आणि आज ती आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनते. म्हणजे कुर्ल्याला आलेले तिन्ही पाहुणे आज एकाच घरात सुखाने नांदतायत. यजमान मात्र गेला. प्रीमियरने मोटारीनंतर चिंचवडला मशिन टूल्स केली, मध्ये एकदा रिओ नावाची छोटी गाडी आणून बघितली, आणि शेवटी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

कुर्ल्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी आहे. इमारती, ऑफिसं, हॉस्पिटल. शेजारच्या रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोड म्हणतात. नवीन राहायला आलेल्या पोरांना वाटतं, विम्याच्या प्रीमियमवरून नाव पडलं असेल! शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

त्या साखळीच्या खालच्या टोकाला काय झालं त्याचं स्टेटस कुणी ठेवलं नाही. ९७-९८ च्या आसपास बाबांच्या गाळ्यात काम कमी कमी होत गेलं. आधी ओव्हरटाइम बंद, मग आठवड्याला चार दिवस, मग "बोलवीन तेव्हा या". गाळेवाल्याने तीन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी कधी दिलीच नाही. त्याचेही पैसे वर अडकलेले, असं तो सांगायचा. त्याच्यावर केस करायला बाबांकडे नेमणुकीचं पत्रसुद्धा नव्हतं. पंचवीस वर्षं एका हजाराव्या भागाच्या मापात काम करणारा माणूस पुढे मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायचा. आलेल्या गाडीचा नंबर लिहायचा. आई म्हणायची, "गाड्यांनी काही तुमचा पिच्छा सोडला नाही." ते हसायचे. पण त्यांच्या हातातली कला त्यांच्याबरोबर गेली, ती कुणी शिकून घेतली नाही. मला हे नुकसान कारखान्याच्या जमिनीपेक्षा मोठं वाटतं.

हा विषय जुना झाला असं समजू नका. जनरल मोटर्स दुसऱ्यांदा महाराष्ट्रात आली होती. तळेगावला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, हजाराहून जास्त कामगारांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. २०२१ मध्ये फोर्डनेही भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. आता विजेच्या गाड्या आल्यात. त्यात इंजिन नाही, गिअरबॉक्स जवळजवळ नाही, म्हणजे चाकण, भोसरी, नाशिक, वसईच्या शेकडो गाळ्यांमध्ये जे भाग बनतात त्यातले कितीतरी लागणारच नाहीत. तिथेही आज कुणाचे तरी बाबा लेथवर उभे आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. उद्योगाला आडोसा द्यायला हरकत नाही. वालचंदांना तो मिळाला नसता तर काहीच उभं राहिलं नसतं. पण आडोसा देताना विचारा, पाच वर्षांत तुम्ही नवीन काय शिकणार? कारखाना बंद होत असेल तर जमिनीचा वापर बदलायची परवानगी देण्याआधी विचारा, कामगारांची देणी कुठे आहेत? आणि फक्त मोठ्या कंपनीच्या कामगारांची नाही, खालच्या गाळ्यातल्या माणसाचीही. त्याच्याकडे निदान नेमणुकीचं पत्र तरी आहे का? हे प्रश्न आपल्या नगरसेवक-आमदारांना विचारायचे असतात. आपण काय विचारतो? नव्या टॉवरमध्ये रेट काय चाललाय.

आणि पुन्हा कुणी "युनियनने बुडवलं" म्हणालं तर त्याला फ्रीमाँट सांगा. ते लांब वाटलं तर कांदिवली सांगा.

तुमच्या घरात कुणी प्रीमियरला, महिंद्राला किंवा अशा एखाद्या गाळ्यात कामाला होतं का? कुठल्या खात्यात, किती वर्षं, पुढे काय केलं? कमेंटमध्ये लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील. कंपन्यांचा इतिहास कंपन्या लिहितात, या माणसांचा आपल्यालाच लिहावा लागेल.